दुसऱ्या आचेची खूण

"अडीच मिलिमीटर," गॉटहिल्फ म्हणाला. कांद्याची चकती जाडी मोजायच्या व्हर्नियरच्या जबड्यातून सोडवून त्याने ताटलीत ठेवली. "ही दुसरी तीन भरतेय. ही बाजूला."

"बाजूला कशाला? कांदा आहे तो, पिस्टन नाही," वालबुर्गा म्हणाली.

"सारखे काप, असं तूच म्हणालीस."

"सारखे म्हणजे सारखे. मोजून सारखे नाहीत."

"मोजल्याशिवाय सारखे झालेत हे कळणार कसं?"

वालबुर्गाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. गॉटहिल्फ माझा सख्खा भाऊ, ती माझी भावजय, पण म्हणून त्याच्याबद्दल उत्तर द्यायला मी बांधलेली नाही. सव्वानऊ वाजले होते. दोन किलो कांद्यांतले चार कांदे चिरून झाले होते. पाणी येऊ नये म्हणून त्याने डोळ्यांवर वेल्डिंगचा चष्मा चढवला होता. त्या काळ्या काचांतून त्याला कांदा दिसत होता की नाही, देव जाणे. चौतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात जोडाऱ्याचं काम केलेला माणूस. घरात त्याने आजवर काय शिजवलं, याची नोंद करायला बसले तर पान कोरं राहील.

पण यंदा इलाज नव्हता. वालबुर्गाचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. तीन आठवड्यांपूर्वी ती जिन्यावरून घसरली. तो आठवडा माझा होता. आमच्या घरात जिना पुसण्याची पाटी एक आठवडा माझ्या दारावर असते, एक आठवडा त्यांच्या. मी वर राहते, ते दोघं खाली. जिना पुरेसा वाळलेला होता, असं मी डॉक्टरांना सांगितलं, पाद्रीबुवांना सांगितलं आणि पाववाल्यालाही सांगितलं.

त्या दिवशी ऑक्टोबरचा पहिला शनिवार होता, म्हणजे भट्टीघराचा दिवस. नेकार नदीच्या काठावरच्या आमच्या गावात त्या दिवशी कांद्याचा केक होतो. पीठ आणि सारण ज्याने त्याने घरी करायचं आणि ट्रे गावच्या दगडी भट्टीत भाजून आणायचा. सोबत नवी, अजून फसफसणारी वाइन. भट्टी सकाळी द्राक्षवेलींच्या मोळ्या घालून एकदाच पेटवतात. पहिल्या आचेत केकचा तळ करपतो. दुसरी आच सोन्यासारखी. तिसरीत चालतं, चौथीत चालवून घ्यावं लागतं. शेवटच्या आचेत नासपती वाळवतात. कुठल्या घराला कुठली आच, हे आजोबा-पणजोबांच्या काळात ठरलेलं आहे. दुसरी आमची, हायडले घराण्याची. एखाद्या वर्षी आच रिकामी गेली तर ती सांभाळणाऱ्या बाईचा हक्क संपतो आणि घरातल्या पुढच्या बाईकडे जातो.

घरातली पुढची बाई म्हणजे मी, लोरे.

मला ती आच नको होती. सत्तावीस वर्षं मी हेच सांगत आले आहे. इतकी वर्षं सांगावं लागलं, त्यात काय ते समजून घ्या. आई थकली तेव्हा तिने भट्टीचं लांब दांड्याचं फावडं स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यातून उचललं आणि माझ्यासमोरून नेऊन सुनेच्या, वालबुर्गाच्या, हातात दिलं. मला म्हणाली, "लोरे, तुझ्या हातचं पीठ रुसतं." बस, एवढंच. मी ग्रामकार्यालयात अडतीस वर्षं जन्ममृत्यूच्या नोंदी केल्या. एका ओळीत माणूस कसा संपतो, हे मला ठाऊक आहे.

"पीठ किती?" गॉटहिल्फने विचारलं. कांदे एकदाचे संपले होते. अकरा वाजले होते.

"हातात येईल तेवढं."

"ग्रॅममध्ये सांग."

"मी काय कधी मोजलंय? दूध कोमट कर, यीस्ट विरघळव, लोणी घाल आणि पीठ बस म्हणेपर्यंत टाकत राहा."

"पीठ बोलतं?"

"तुझ्यापेक्षा जास्त बोलतं."

त्याने मळायला घेतलं. मळलं कसलं, पाना फिरवावा तसा तो गोळा फिरवत होता. वालबुर्गा डाव्या हाताने हवेत मळून दाखवत होती. "तळव्याने ढकल. ढकल आणि घडी घाल. अरे, गळा नाही दाबायचाय त्याचा!" प्लास्टरमधली बोटं वळवळत होती. बघणाऱ्यालाच घाम फुटावा.

"कुठपर्यंत मळू?"

"कानाच्या पाळीइतकं मऊ होईपर्यंत."

गॉटहिल्फने पिठाच्या बोटांनी आपली पाळी चाचपली, मग गोळा चाचपला. "माझ्या कानाच्या की तुझ्या?"

"माझ्या. तुझे कान म्हणजे चामडं."

तो पुढे झाला. आधी तिच्या कानाची पाळी दोन बोटांत धरली, मग गोळा, मग पुन्हा पाळी. तोंडावर तोच भाव, व्हर्नियर वाचतानाचा. "अजून थोडं दूध लागेल," म्हणाला. वालबुर्गाच्या कानाला पीठ लागलं होतं. तिने ते पुसलं नाही. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, मी याच घरात राहते, आणि माझ्या भावाला बायकोच्या कानाला हात लावताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी उठून उगाचच चुलीत लाकूड सारलं.

कांदा बेकनच्या चरबीत आणि लोण्यात पडला, तेव्हा पुन्हा वाद. तिला तो मंद आचेवर काचेसारखा व्हायला हवा होता. त्याला काम संपवायचं होतं.

"आच कमी कर."

"मग तासभर लागेल."

"लागू दे. तपकिरी झाला तर फेकून देईन."

"दोन किलो? मी डोळे फोडून चिरलेला?"

"आजवर मी चिरला तेव्हा कुणाचे डोळे फुटले होते?"

यावर त्याने आच कमी केली. चुलीसमोर स्टूल घेऊन तासभर ढवळत बसला. मधेच एकदा, कांद्याकडे बघतच, म्हणाला, "दर वर्षी चार ट्रे करायचीस तू."

"कधी पाच."

"एकटी."

"मग काय, तू व्हर्नियर घेऊन उभा होतास?"

अंडी, आंबट साय, मीठ, वरून शहाजिरं. दीड वाजता पीठ ट्रेमध्ये पसरलं, सारण ओतलं. गॉटहिल्फने ट्रेवर स्पिरिट लेव्हल ठेवून सारण समपातळीत असल्याची खात्री केली. हे मी बनवून सांगत नाहीये.

"आता कोपऱ्यात शिडी," वालबुर्गा म्हणाली. "उरलेल्या पिठाच्या वळ्या कर. दोन उभ्या, दोन आडव्या. जमेल ना?"

शिडी ही आमच्या घराची खूण. भट्टीत सगळ्यांचे ट्रे सारखेच दिसतात, म्हणून प्रत्येक घर कोपऱ्यात पिठाची खूण लावतं. कुणाचं चाक, कुणाचा मासा. आमची शिडी माझ्या वडिलांच्या आजोबांपासून आहे. भट्टीघरातल्या फळ्यावर आचेच्या आकड्यापुढे नावं नसतात, खुणा असतात. फळ्यावरची आणि ट्रेवरची खूण जुळली तरच ट्रे आत जातो.

"जमेल," तो म्हणाला. "तू कपडे बदल. दोन वाजतायत."

मी तिला खोलीत नेलं. प्लास्टरवरून ब्लाउजची बाही चढवायला दहा मिनिटं गेली. मग बटणं. वालबुर्गाने विणलेल्या कपड्यांच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं बटणं लावली. दिवसाला किती, हे विचारलं की ती हसायची. आणि आता ती आरशासमोर मान वर करून उभी होती आणि मी बटणं लावत होते, एक काज चुकवून.

"लोरे," ती हळूच म्हणाली, "डॉक्टर म्हणतात मनगट पहिल्यासारखं होणार नाही."

"डॉक्टर काय वाट्टेल ते म्हणतात."

"ट्रे नेला की झालं. या वर्षी रिकामी गेली नाही म्हणजे झालं. शेवटच्या आचेला उभं राहायचं नाही मला पुन्हा."

मी सगळी बटणं सोडून पहिल्यापासून लावली. ती काय म्हणते ते मला कळलं होतं. सेहेचाळीस साली, युद्धानंतर, बोहेमियातून हाकललेली जर्मन माणसं गावात आली, दोन-दोन पेट्या घेऊन, आणि त्यांना शाळेत ठेवलं. त्यांना खूण नव्हती. सगळ्या घरांचं भाजून झालं की मग त्यांनी ट्रे आणायचे. नऊ वर्षांची वालबुर्गा आईबरोबर भिंतीला टेकून संध्याकाळपर्यंत उभी असायची आणि भट्टी निवल्यामुळे कच्चंच पीठ परत घेऊन जायची. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. दुसऱ्या आचेचा केक खात तिच्यासमोरून गेले होते. हे तिला आठवतं का, ते मी कधी विचारलेलं नाही.

बाहेर आलो तेव्हा गॉटहिल्फने ट्रेवर कापड टाकून तो हातगाडीवर बांधला होता, दोन्ही बाजूंनी, पंप बांधतात तसा. रस्ताभर तो गाडी ओढत होता आणि वालबुर्गा सांगत होती: दगड चुकव, उतारावर हळू, सारण सांडेल. तो एकदाही उलटून बोलला नाही. तिथेच मला संशय यायला हवा होता.

भट्टीघरात ओटीली केख्ले पहिल्या आचेचे ट्रे बाहेर ओढत होती. भट्टी तिच्या ताब्यात, आणि नियमही. तिने मूठभर पीठ भट्टीच्या फरशीवर फेकलं, दहा आकडे मोजले. पीठ बदामी झालं. "दुसरी आच!" ती ओरडली. "शिडी!"

गॉटहिल्फने कापड काढलं.

कोपऱ्यात शिडी नव्हती. पिठाच्या चार वळ्या होत्या खऱ्या, पण तिरप्या, एकीला एक जोडून, शेजारी शेजारी दोन दऱ्या असाव्यात तशा. डब्ल्यू, वालबुर्गा या नावाचं पहिलं अक्षर.

"हे काय?" ओटीलीने विचारलं.

"खूण," गॉटहिल्फ म्हणाला.

"कुणाची? फळ्यावर अशी खूण नाही."

"जिचा केक आहे तिची." चाळीस-पन्नास माणसं ऐकत होती, आणि माझा भाऊ कानाच्या टोकापर्यंत लाल झाला होता. "कारखान्यात ज्याने पंप जोडला त्याचा नंबर पंपावर ठोकतात. मालकाचा नाही. चौतीस वर्षं माझा ठोकलाय मी."

"तुला वेड लागलंय का?" वालबुर्गाचा आवाज फाटला. "कुणी सांगितलं होतं तुला? शिडी सांगितली होती ना मी! सरळ शिडी!"

"शिडीने कधी कांदा चिरलाय?"

"मला रांगेच्या टोकाला घालवणार आहेस तू!"

"गॉटहिल्फ, भट्टी उतरतेय," ओटीली म्हणाली. "खूण जुळत नसेल तर ट्रे शेवटी जाईल. मग आच रिकामी गेली असं धरावं लागेल. मी नाही हो केलेला नियम." आणि मग ती माझ्याकडे वळली. ओटीली आणि मी एका बाकावर शिकलो. माझ्या मनात काय आहे ते तिला माझ्याआधी कळतं. "लोरे, शिडीच्या घरात जन्मलेली तूच. हा ट्रे तुमच्या घरचा आहे का? नसेल तर पुढच्या वर्षापासून आच तुझी."

मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं मला उत्तम जमतं.

वालबुर्गा माझ्याकडे बघतही नव्हती. ती ट्रेवर वाकली होती. डाव्या हाताच्या नखाने त्या तिरप्या वळ्या उभ्या करू पाहत होती. स्वतःचं अक्षर मोडून शिडी करायला बघत होती. पण हात डावा, पीठ मऊ. वळी ताणली जायची आणि पुन्हा तिरपी व्हायची. नखाखाली साय गेली होती. ती पुटपुटत होती, "होईल, होईल, आत्ता होईल."

"हात काढ तिथून," मी म्हणाले.

"एक मिनिट, लोरे. होतंय."

"काढ म्हणते ना! पीठ रुसेल."

मी फळ्याजवळ गेले. फडकं कुठे दिसेना. ज्या गावाला खडूजवळ फडकं ठेवता येत नाही, त्याने नियम कशाला करावेत? मी काळ्या स्वेटरच्या बाहीने शिडी पुसली. आधी आडवे दांडे, मग उभे. वर्षानुवर्षं त्याच जागी गिरवलेली, सहज निघेना. मग खडू घेतला आणि दोनच्या आकड्यापुढे दोन दऱ्या काढल्या. एक मोठी झाली, एक लहान.

"आमच्याच घरचा आहे," मी म्हणाले. "आता घाल आत, का मी नासपती आणू?"

ओटीलीने ट्रे फावड्यावर घेतला आणि आत सारला. लोक आपापल्या ट्रेंकडे वळले. आमच्याकडे यापेक्षा जास्त करायची पद्धत नाही.

भट्टी तोवर थोडी उतरली होती. केकचा तळ जरा पांढुरका राहिला. बाहेरच्या लांब टेबलांवर आम्ही बसलो. खुणेचा कोपरा घरातल्या कर्त्या पुरुषाचा असतो. आधी तो वडिलांचा होता, मग गॉटहिल्फचा. त्याने तो कापला, वालबुर्गाच्या ताटलीत सरकवला, आणि तिला डाव्या हाताने जमेना म्हणून त्याचे तुकडे केले. सगळे सारखे. खिशात व्हर्नियर होता की काय, मी बघितलं नाही.

"तळ कच्चा आहे," ती म्हणाली.

"खाता येतोय," गॉटहिल्फ म्हणाला. आमच्या खोऱ्यात याहून मोठी स्तुती नाही.

ती सावकाश खात होती. अक्षराचा तुकडा तिने शेवटी ठेवला होता.

"वालबुर्गा," मी म्हणाले, "त्या दिवशी जिना ओला होता."

"माहीत आहे," ती म्हणाली. मग तिचं लक्ष माझ्या बाहीकडे गेलं. कोपरापासून मनगटापर्यंत खडूचा पांढरा फराटा होता. ती डाव्या हाताने झटकायला पुढे वाकली.

मी हात मागे घेतला.

"राहू दे," मी म्हणाले.