कडक टिकल्या

ऑर्व्हिलला पुरून आल्यावर आर्लिस चर्चच्या तळघरात लोकांना कॉफी देत होती, तेवढ्यात तिच्या घरातून नवऱ्याचं रिव्हॉल्व्हर नाहीसं झालं. महिन्याभराने ते उगवलं क्लेटनच्या कमरेला. "शेवटच्या आठवड्यात ऑर्व्हिलने स्वतः दिलं, नस न् नस समजावून," असं तो नेमबाजी क्लबभर सांगत सुटला. कागद कुणाकडेच नव्हता, म्हणून शेरीफनेही हात वर केले. चाळीस वर्षांचा मित्र, आणि मढं थंड व्हायच्या आत खण उपसून गेला! आर्लिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि ती तिने विझू दिली नाही.

त्या वर्षी मोंटानाभर गोळ्या औषधालाही मिळत नव्हत्या. आर्लिस मात्र तीस वर्षं रिकामी काडतुसं घरीच भरत आली होती. बुडातली, घोडा आपटला की ठिणगी पाडणारी, उडालेली टिकली काढायची, नवी बसवायची, मापाने दारू, वर गोळी. रिव्हॉल्व्हरसोबत उचललेले तिच्या हातचे डबे संपले, तसा क्लेटन निर्लज्जपणे तिच्याच दारात आला.

"याला तुझ्याच हातच्या गोळ्या मानवतात, आर्लिस. शनिवारी स्पर्धा आहे. पन्नास भरून दे ना."

"लाज कुठे गहाण टाकलीस?"

"ऑर्व्हिल नाही म्हणाला नसता."

"ऑर्व्हिल असता तर ही पायरी चढायची तुझी छाती झाली नसती. शनिवारी मैदानावरच ने."

दारू वाढवली असती तर त्याचा हात गेला असता. पण तिला त्याचा हात नको होता, त्याचं खोटारडं तोंड फोडायचं होतं. संधिवाताने बोटं आखडली तेव्हा ऑर्व्हिलने रिव्हॉल्व्हरच्या घोड्याची स्प्रिंग हलकी केली होती. तेव्हापासून त्याला फक्त मऊ टिकल्या चालत. कडक टिकलीवर घोडा नुसता आपटे, गोळी उडत नसे. कुणाच्या हातात ते देण्याआधी ऑर्व्हिल पहिलं हेच सांगायचा.

आर्लिसने कडक टिकल्या बसवल्या. टिकली बदलली की दारूचं माप पुन्हा कमीपासून सुरू करायचं, हा सुरक्षेचा नियमही पाळला. डब्यावर रिवाजाप्रमाणे चिठ्ठी लावली. दारू, गोळी, तारीख आणि ठळक अक्षरात "टिकल्या : कडक".

शनिवारी क्लेटनने चिठ्ठीकडे ढुंकूनही न बघता सहा घरं भरली आणि चाप ओढला. खट्.

"हलू नकोस," मैदानाचा प्रमुख रॉस्को म्हणाला. "तोंड निशाणाकडेच. अर्धं मिनिट."

गोळी उशिरा उडू शकते, म्हणून तो नियमच होता. क्लेटन अर्धं मिनिट पुतळ्यासारखा उभा राहिला. पुन्हा खट्, पुन्हा अर्धं मिनिट. सहा वेळा. मागे सगळा क्लब बघत होता आणि आर्लिस प्रत्येक सेकंद चवीने चघळत होती.

"या बाईने मुद्दाम कचरा भरून दिला," क्लेटन तडकला.

"रॉस्को, तुझ्या रिव्हॉल्व्हरमधून उडव बरं," आर्लिस म्हणाली.

रॉस्कोच्या रिव्हॉल्व्हरलाही त्याच मापाच्या गोळ्या लागत. त्याने डब्यातल्या सहा घेतल्या, सहाही उडाल्या. मग त्याने चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि क्लेटनकडे बघितलं.

"मला ऑर्व्हिलने हे दोनदाच हातात दिलं. दोन्ही वेळा आधी बजावलं, मऊ टिकल्याच. तुला सांगितलं नाही?"

"सांगितलं असेल... मी विसरलो."

"नस न् नस समजावली म्हणे," आर्लिस म्हणाली, "नेमकी हीच राहिली होय?"

क्लेटनने रिव्हॉल्व्हर मोकळं करून टेबलावर ठेवलं. "घे बाई, ने."

"अशी नाही नेणार. कुठून घेतलंस ते बोल."

"पलंगाशेजारच्या खणातून," तो बुटांकडे बघत म्हणाला. "तू कॉफी देत होतीस तेव्हा."

आर्लिसने रिव्हॉल्व्हर उचललं.

"झालं समाधान?" क्लेटन पुटपुटला.

"अर्धं," ती म्हणाली. "उरलेलं दर शनिवारी. तू इथे येशील आणि तुझ्या शेजारी कुणी उभं राहणार नाही, तेव्हा."