जत्रेतला शुक्रवार

एंजेलाच्या पानात मटणाची दुसरी फोड पडली, तेव्हा कुठे तिला आठवलं की आज शुक्रवार आहे.

पहिली फोड तर केव्हाच पोटात गेली होती. पण पोरीला तरी काय बोल लावायचा? गावात भैरोबाची जत्रा. शाळेला सुट्टी, वेशीपाशी पाळणे, रेवड्यांची दुकानं, दुपारी कुस्त्यांचा हगामा. शेजारच्या निकिताचा हात धरून ती दिवसभर हुंदडली आणि भूक लागली तशी तिच्याबरोबरच तिच्या घरी पंगतीला बसली. निकिताची आजी मालनबाई वाढत होती. पाहुण्यांची ही गर्दी, कोण कुठं बसलंय याचा पत्ता नाही.

एरवी असं झालं नसतं. दोन्ही घरांच्या मध्ये एक बोरीचं झाड तेवढं. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात मिशनमधली माणसं शुक्रवारी मटणाला शिवत नाहीत, हे मालनबाईला स्वतःच्या एकादशीइतकंच पाठ होतं. म्हणून तर सकाळीच तिनं एंजेलाच्या घरी पुरणपोळ्यांचा डबा पाठवला होता. डबा तिकडे पोचला आणि पोर इकडे पंगतीत!

एंजेलानं फोड भाकरीखाली सरकवली, घटाघटा पाणी प्यायली आणि उठली. मालनबाईनं मागून हाक मारली, पण ती थांबली नाही.

घरी आईनं विचारलं, "काही खाल्लंस का गं?"

"पुरणपोळी," एंजेला म्हणाली आणि आत गेली.

आत खुंटीला पांढरा फ्रॉक टांगलेला होता. शेवगावच्या बाजारातून आईनं तो मुद्दाम आणला होता. ईस्टरच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, एंजेलाला पहिल्यांदा कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची भाकर, मिळणार होतं, आणि त्याआधी उद्या शनिवारी पहिलं पापनिवेदन. म्हणजे एकेकानं फादरांजवळ बसायचं आणि आपल्या हातून काय चुकलं ते सांगायचं. धर्मशिक्षणाच्या वर्गात विल्सन गुरुजींनी ते छान समजावून दिलं होतं. "बाभळीचा काटा पायात मोडला तर आईला दाखवता की नाही? झाकून ठेवला तर पाय सुजतो. तसंच हे." पण गुरुजींनी दुसरंही सांगितलं होतं. "या दिवसांत शुक्रवारी मटण कोणी खायचं नाही. कोणी म्हणजे कोणी नाही."

आता सांगितलं, तर फादर कम्युनियनच्या रांगेतून काढणार. नाही सांगितलं, तर काटा आतच राहणार. एंजेलानं फ्रॉककडे पाठ केली आणि डोक्यावरून पांघरूण ओढलं.

सकाळी तिनं चहा-चपाती नको म्हटलं. शुक्रवार मोडला तर मोडला, त्याच्या बदली शनिवार पाळू, असा तिनं आपल्या मनाशी हिशेब केला होता.

दुपारी चर्चपुढच्या लिंबाखाली मुलं रांगेत बसली. सत्तरी ओलांडलेले विल्सन गुरुजी मुलांमधून फिरत होते. जॉयनं बोट वर केलं.

"गुरुजी, एकच पाप दोनदा केलं असलं तर एकदा सांगायचं का दोनदा?"

"एकदाच सांग, पण दोनदा केलं असं सांग."

"आणि अजून करायचं असलं तर?"

"तर आधी माझ्याकडं ये," गुरुजी म्हणाले. तेवढ्यात त्यांचं लक्ष एंजेलाकडे गेलं. "काय गं, तोंड का उतरलंय? जेवलीस ना?"

एंजेलानं मान खाली घातली. ती काही बोलणार, इतक्यात फाटक वाजलं. डोक्यावर पदर घेतलेली मालनबाई तरातरा आत आली आणि थेट चर्चच्या पायरीवर उभ्या असलेल्या फादरांपुढे गेली.

"राम राम फादर. आज तुमी पोरांची पापं लिवून घेताय म्हनं?"

"लिहून नाही, आजी. नुसती ऐकून घेतो."

"मंग आधी माझं ऐका. ह्या अंजीचा कालचा शुक्रवार म्या मोडला. जत्रंच्या गर्दीत ध्यान ऱ्हायलं न्हाई. वाढलं म्या, पोरीनं खाल्लं. लेकराचा त्यात काय दोस? काय आसंल ते माझ्यावर घाला, पन तिला रांगंतून काढू नका. रातभर डोळ्याला डोळा न्हाई माझ्या."

सगळी रांग एंजेलाकडे वळली. तिला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. जॉय हळूच म्हणाला, "रस्सा तिखट होता का गं?"

फादर पायरीवर बसले. "एंजेला, किती वर्षांची तू?"

"नऊ."

"गुरुजी, मुलांना वय सांगितलं नाही का तुम्ही?"

"कसलं वय?" गुरुजी म्हणाले.

"अहो, शुक्रवारी मांस न खाण्याचा नियम चौदा वर्षं पूर्ण झालेल्यांना. लहानांना नाही."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आमच्या घरी तर पोराटोरांनाही मिळत नसे."

"घरात शिजतच नसेल, तर मिळणार कुठून?"

"मग आमचे एवढे शुक्रवार फुकट गेले?" जॉय उठून उभाच राहिला.

"पाळलेलं फुकट जात नाही. बस खाली," गुरुजी म्हणाले. मग मुलांपुढे येऊन त्यांनी खडू हातात असल्यासारखी बोटं धरली. "मुलांनो, मी चुकीचं शिकवलं. आता बरोबर ऐका. किती वर्षं पूर्ण व्हायला हवीत?"

"चौदा!" लिंबावरचे कावळे उडाले.

मालनबाईला अजून खात्री वाटेना. "म्हंजी पोरीला पाप न्हाई?"

"मटणाचं नाही."

"आन् मला?"

"तुम्ही भुकेल्या लेकराला जेवू घातलंत, आजी. त्याला आमच्यात पाप म्हणत नाहीत."

"आमच्यातबी न्हाई म्हनत," मालनबाई म्हणाली आणि फादरांच्या शेजारीच पायरीवर मटकन बसली.

एंजेलाला एकदम हलकं वाटलं, आणि त्याबरोबर सडकून भूक लागली. फादर चर्चमध्ये जाऊन बसले आणि रांग पुढे सरकू लागली. तिची पाळी जवळ आली, तशी ती घाबरून गुरुजींच्या कानाशी लागली.

"गुरुजी, आता माझ्याकडं सांगायला कायच न्हाई."

"घाई करू नकोस. कालचा दिवस आठव. सकाळपासून."

एंजेलानं डोळे मिटले. पाळणे, रेवड्या, कुस्त्या, पंगत, मग घर. मग आईचा प्रश्न. आणि आपलं उत्तर.

"सापडलं!" ती इतक्या आनंदानं ओरडली की गुरुजींना हसू दाबायला तोंडावर उपरणं धरावं लागलं.

ती आत गेली. बाहेर आली, वेदीपुढे गुडघे टेकले, फादरांनी सांगितलेली एक 'नमो मरिया' प्रार्थना म्हटली आणि क्रुसाची खूण करून धावत पायरीवर आली.

"काय म्हनले गं?" मालनबाईनं विचारलं.

"आजी, ते विचारायचं नसतं," गुरुजी म्हणाले.

"बरं बाई, न्हाई इचारत. भूक लागली का?"

"लई! पण आधी आईला एक सांगायचंय."

आणि एंजेला फाटकातून पळत सुटली. मागून मालनबाई गुडघ्यावर हात टेकून उठत ओरडत होती, "आगं हळू, आगं पडशील, पोटात अन्न न्हाई तुझ्या!"