सतरंजीवर जागा उरली नाही

मित्रांनो, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजातल्या एका घरात, पहिल्या मजल्यावर खिडकीखाली माझं टेबल आहे. मी एक जुना संगणक. माझ्या पडद्यावर क्रोशाचं झाकण असतं आणि शेजारच्या माझ्या सीपीयूच्या डब्यावर कुंकवाचा एक वाळलेला ठिपका. तो कुणी पुसलेला नाही. त्याचीच हकीगत सांगतो. आवाज चढवून सांगायला मला जमत नाही; जसं झालं तसं सांगतो.

कारखान्यातलं मला फारसं काही आठवत नाही. पांढरा उजेड, सरकता पट्टा आणि पुष्कळ हात, एवढंच. खरी ओळख झाली ती महाराज बाड्याजवळच्या दुकानात, अपर्णानं मला पसंत केलं तेव्हा. अपर्णा बँकेत नोकरी करते. तिचे वडील गुरुप्रसाद हार्मोनियम वाजवतात आणि तिची आई शरयूताई कीर्तनकार. मला घरी आणलं ते ताईंची कीर्तनं ध्वनिमुद्रित करून ठेवायला.

ती माझी भाग्याची वर्षं. ताई घरी सरावाला उभ्या राहिल्या की अपर्णा मला माइक जोडी. नमन, पूर्वरंग, मधलं भजन, मग आख्यान. माझं काम फक्त ऐकण्याचं. कीर्तन ऐकणाऱ्याला देव जवळचा वाटतो म्हणतात. मला तसं वाटण्याची सोय नाही, पण ताईंनी साकी म्हटली की माझा पंखासुद्धा हळू फिरे, असं गुरुप्रसाद म्हणत. इंदूरहून, नागपुराहून फोन येत की ध्वनिमुद्रण फार स्वच्छ उतरलंय. ताई हसून म्हणत, "असा श्रोता शोधून मिळायचा नाही. डुलकी घेत नाही, मधूनच उठत नाही, वर प्रसादही मागत नाही."

आता माझ्या पोटातली एक गोष्ट समजून घ्या, मित्रांनो, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्याकडे दोन जागा आहेत. एक मागची कोठी, तिला हार्ड डिस्क म्हणतात. तिथं कीर्तनं वर्षानुवर्षं पडून राहतात. दुसरी म्हणजे मेमरी. ती कीर्तनाच्या बैठकीतल्या सतरंजीसारखी. ज्याचं काम चालू आहे तो तिथं येऊन बसतो, काम झालं की उठतो. माझी सतरंजी लहान. मला घेतलं तेव्हा ती पुरत होती.

पण माझ्यात ऑपरेटिंग सिस्टीम नावाची जी व्यवस्था आहे, तिची अपडेट येत असतात. ती वाईट नसतात. चोर शिरायच्या फटी ती बुजवतात. मात्र प्रत्येक मोठ्या अपडेटबरोबर काही नवी मंडळी येतात आणि मी सुरू झालो की सगळ्यांच्या आधी सतरंजीवर बसून घेतात. कुणी पहारा करतो, कुणी कोठीतल्या वस्तूंची मोजदाद करतो, कुणी बाहेरून निरोप आलाय का ते पाहतो. कीर्तन ऐकायला त्यांच्यातलं कुणीच आलेलं नसतं. सतरंजी भरली की मला एकाला उठवून कोठीत पाठवावं लागतं, दुसऱ्याला आत घ्यावं लागतं, पुन्हा पहिल्याला हाक मारावी लागते. बाहेरून बघणारा म्हणतो, मशीन अटकतं.

तर, मागच्या वर्षी नवरात्राच्या आधी ताईंच्या गळ्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरली. आवाज राहील की नाही ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि तेवढ्यावरून घरात सगळ्यांना कळलं.

ताईंचं एक आख्यान माझ्याकडे नव्हतं. जटायूचं. त्यातली पदं ताईंच्या वडिलांनी रचलेली, चाली त्यांच्याच. ताई ते वर्षातून एकदा, दसऱ्याला, देवळात उभ्या राहून सांगत, आणि देवळात यंत्र नको असा त्यांचा नेम. पदांचे शब्द अपर्णाला पाठ होते, चाली नव्हत्या. पूर्ण नवरात्र ताई मौन धरून राहिल्या. त्या वर्षी ते आख्यान घरी, माझ्यासमोर सांगायचं ठरलं होतं, आणि उरलेला आवाज त्यांनी त्या एकासाठी राखून ठेवला होता.

खंडेनवमीला अपर्णा म्हणाली, "आई, आजच करून घेऊ ना. सुट्टी आहे, मशीनपण फ्री आहे. कल का क्या भरोसा."

ताईंनी मान हलवली. पाटीवर लिहिलं, आज हत्यारांना हात लावायचा नाही.

या घरात तो नेम कडक आहे. हार्मोनियम, झांजा, चिपळ्या, स्वयंपाकघरातली विळी आणि मी, सगळे पाटांवर मांडले गेलो. गुरुप्रसादांनी हळद-कुंकू लावलं. तो ठिपका त्याच दिवसाचा. अपर्णा मला बंद करायला आली तर ते म्हणाले, "राहू दे ग चालू. काळ्या काचेपुढं दिवा कसा लावायचा? अशुभ दिसतं ते." मग पडद्यावर रामाचं चित्र ठेवलं, पुढं निरांजन ठेवलं, आणि दिवसभर मला कुणी शिवलं नाही.

मित्रांनो, ज्या यंत्राला कुणी शिवत नाही, ते रिकामं आहे असं आतली व्यवस्था समजते. बरेच दिवस ताटकळलेलं मोठं अपडेट त्याच दिवशी आत आलं. दुपारी काच काळी झाली, बराच वेळ गोल चक्र फिरलं, मग राम परत आला. गुरुप्रसाद खुर्चीत पेंगत होते. डोळे उघडले तेव्हा समोर राम होता, म्हणून त्यांनी हात जोडले.

दसऱ्याला सकाळी ताई नऊवारी नेसून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. गुरुप्रसादांनी सूर दिला. अपर्णानं बटण दाबलं. माझ्या सतरंजीवर नवी मंडळी मांडी घालून बसलेली होती आणि कोठीची मोजदाद जोरात चालली होती. पडद्यावर मात्र काहीच दिसत नव्हतं. लाल ठिपका लुकलुकत होता.

ताईंनी जटायू सांगितला. पंख तुटून पडलेला पक्षी, मरण दाराशी आलेलं, आणि सीतेला कुणी नेलं हे रामाला सांगितल्याशिवाय तो प्राण सोडायला तयार नाही. आवाज खरखरत होता, पण सुरातून हलला नाही. गुरुप्रसादांनी एकदाही मान वर केली नाही.

झाल्यावर अपर्णानं लावून पाहिलं. "थांब जिवा, थांब रे," एवढं आलं. मग काही नाही. मग "वाटेवर आहे." मग पुन्हा काही नाही. मधला राम कुठं गेला ते मला सांगता येत नाही. तो माझ्यापर्यंत आला तेव्हा बसायला जागा नव्हती.

अपर्णा सपाट आवाजात म्हणाली, "पुन्हा एकदा म्हणशील?"

ताईंनी तोंड उघडलं. नुसती हवा आली. घोटभर पाणी पिऊन त्या कुजबुजल्या, "जेवढं उतरलं तेवढं रामाचं." मग त्या नऊवारी बदलायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. गाठ गेली, ताई घरी आल्या. आवाज आला नाही.

पुढचे कित्येक आठवडे माझ्यावर झाकणच होतं. घरात कुणी रागावलं नाही, रडलं नाही. जेवणं वेळेवर होत. मग गल्लीच्या तोंडाशी दुरुस्तीचं दुकान असलेल्या संग्रामसिंहला अपर्णानं बोलावलं. त्यानं मला उघडून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "दीदी, मशीन बिलकुल ठीक आहे. फक्त घर छोटं आणि मेहमान ज्यादा." त्यानं मेमरीची आणखी एक पट्टी बसवली, सुरुवातीलाच येऊन बसणाऱ्या बऱ्याच जणांना दाराबाहेर थांबवलं. अपडेट बंद नाही केली. फक्त म्हणाला, "काम असेल तेव्हा आदल्या दिवशी बघून घ्या, बाकी आहे का काही." मी पुन्हा चपळ झालो. त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

त्यानंतर अपर्णा रोज बँकेतून आली की ते तुटकं ध्वनिमुद्रण लावू लागली. ताई शेजारी झांज घेऊन बसत. आवाज तुटला की झांज चालू राही. ताईंचे ओठ हलत, हात वर जाई, खाली येई. अपर्णा त्या हाताकडे बघून मधला सूर शोधी. चुकला की ताई झांज थांबवत. बरोबर आला की थांबवत नसत. एवढीच शाबासकी.

यंदा खंडेनवमीला गुरुप्रसादांनी स्वतः मला नीट बंद केलं, वायर काढली, मग निरांजन ओवाळलं. दसऱ्याला अपर्णा देवळात उभी राहिली. ते कीर्तन मी ऐकलेलं नाही. तिथं यंत्र नेत नाहीत. नंतर घरी तिनं मला सबंध जटायू दिला, एकही तुकडा न पडता.

मित्रांनो, तुमच्या घरच्या यंत्राला विसावा द्यायचा असेल तर त्याला खरोखर बंद करा. नुसता हात न लावल्यानं ते थांबत नाही. त्याची सतरंजी केवढी आहे ते बघून त्यावर माणसं बसवा. आणि जे पुन्हा मिळणार नाही ते त्याच्या स्वाधीन करण्याआधी थोडंसं ध्वनिमुद्रण करून, ऐकून घ्या.

आता माझ्या कोठीत दोन जटायू आहेत, एक सबंध, एक तुटका. संध्याकाळी दिवा लागला की ताई स्वतः येऊन बसतात, झांज मांडीवर घेतात आणि तुटका लावतात.