ताकदीची गोळी

डोक्यावर फेटा बसला तेव्हाच डॉ. प्रवीणना कळलं, आता मान हलवायची सोय राहिली नाही.

लिंबागणेशच्या मैदानात तिथले पुढारी अमरसिंह यांनी आईच्या नावानं कॅन्सर निधीचा कार्यक्रम ठेवला होता. आई कॅन्सरनं गेली हे खरं, लेकाचं दुःखही खरं. पण दुःखाला फ्लेक्स लागला की त्याच्याआड काय काय झाकतं, ते डॉक्टर सकाळपासून बघत होते.

डॉक्टर किडनीचे. कॅन्सरसाठी लोक टी-शर्ट घालून पळतात. किडनीसाठी कोण पळतंय? तरी ते स्टेजवर होते, कारण त्यांचं डायलिसिस सेंटर अमरसिंहांच्या इमारतीत होतं, मशीनला लागणारं पाणीही अमरसिंहांच्याच बोअरचं. रक्त रोग्याचं, पाणी मालकाचं.

टेबलावर पिशव्यांची चळत होती. ऊसतोडीला निघालेल्या बायकांना आईसाहेबांची भेट: हातमोजे, पाण्याची बाटली आणि गोळ्यांचं पाकीट. गोळ्या अमरसिंहांच्या मेहुण्याच्या एजन्सीतल्या, दान म्हणून. साधी दुखण्यावरची गोळी. पण फडात तिला तसं कुणी म्हणत नाही. मुकादमांनी तिचं नाव पाडलंय, ताकदीची गोळी. सकाळी घेतली की मोळी हलकी, दुपारी घेतली की ऊन हलकं. प्यायला पाणी नाही, बसायला उसंत नाही, वरून रोज ही गोळी. काही हंगामांत किडनी वाळून जाते. विषाला विष म्हणा, माणूस लांब पळेल. ताकद म्हणा, पदरात बांधून नेईल.

चकलांब्याची साखराबाई तशीच किडनी वाळून डायलिसिसला आली होती. सुजलेलं तोंड घेऊन तिनं विचारलं होतं, "ताकदीची गोळी घेत हुते की वो साहेब, मंग ताकद कावून गेली?"

आज ती पुढच्याच रांगेत होती. शेजारी सून, बबिता. यंदा सासूचा कोयता तिच्या हातात. स्टेजवर चढण्याआधी डॉक्टर साखराबाईपाशी वाकले.

"मावशी, आज मी माईकवर या गोळीचं खरं सांगणार आहे."

"कुणासाठी?"

"तुमच्या सुनेसाठी."

साखराबाईनं सुईनं चाळण झालेला हात पदराखाली घेतला. "सांगा की. मालकानं पाणी तोडलं तर मशीन तुमच्या भाषणावर चालंल का? मी मेले तर सून लई शहाणी होईल, न्हाई का?"

डॉक्टर सरळ उभे राहिले. सेंटरवर त्याच पाण्यावर जगणाऱ्या माणसांनी अख्खी खोली भरलेली होती.

माईक हातात आला. "ही गोळी..." ते म्हणाले. अमरसिंह खुर्चीत पुढं सरकले. खाली साखराबाई स्वतःच्या चपलांकडं बघत होती.

"ही मदत लाखमोलाची आहे," डॉक्टर म्हणाले. टाळ्या पडल्या. 

पहिली पिशवी डॉक्टरांच्या हस्ते बबिताला. पिशवी उचलताना डॉक्टरांनी गुपचूप पाकीट काढून कोटाच्या खिशात सारलं. वाटलं, एवढं तरी. एका बाईपुरतं तरी.

बबितानं तिथंच पिशवीत हात घालून चाचपलं. आणि अमरसिंहांच्या हातातल्या चालू माईकसमोरच म्हणाली, "डॉक्टर, ताकदीची गोळी ऱ्हायली की. तुमच्याच खिशात हाय ना?"

मैदान खो खो हसलं.

"डॉक्टरसाहेबांचीच ताकद कमी पडाय लागली वाटतं," अमरसिंह म्हणाले, आणि हसणं आणखी वाढलं. मग माईक बाजूला धरून, ओठ न हलवता, "द्या तिला. आपल्या हातानं द्या. आन् अजून एक टाका वरून. डॉक्टरच्या हाताला गुण असतो."

डॉक्टरांनी खिशातलं पाकीट काढलं. टेबलावरचं दुसरं उचललं. दोन्ही बबिताच्या ओंजळीत ठेवली. तिनं ती कपाळाला लावली.

"साहेब, इकडं बघा. जरा हसा," फोटोवाला म्हणाला.

फेट्यानं मान धरलेलीच होती. डॉक्टर हसले.

खाली उतरल्यावर साखराबाई वाटेत उभी होती. तिनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. सुनेच्या पिशवीची गाठ घट्ट करत म्हणाली, "बुधवारी येते बरं, साहेब. पाणी हाय ना?"

"आहे," डॉक्टर म्हणाले.