ब्रोकहोल्टच्या काचेच्या कांड्या

१९५७ सालची गोष्ट. नोव्हेंबर महिना, संत मॉर्टनच्या सणाची संध्याकाळ. फ्योर्डच्या, म्हणजे समुद्राच्या लांब खाडीच्या काठच्या वेस्टरलेव गावात त्या वर्षी घरोघरी बदक भाजण्याऐवजी सगळ्यांनी गावसभागृहात एकत्र जेवायचं ठरवलं होतं, आणि त्याचं कारण बदक नव्हतं. कारण होतं प्रोफेसर ब्रोकहोल्ट. शेजारच्या गावांतूनही लोक सायकली हाणत आले. बाकं कमी पडली तेव्हा पोरं खिडक्यांत चढून बसली. ओल्या लोकरी कोटांचा वास, कॉफीचा वास, आणि त्या सभागृहाच्या भिंतींत पिढ्यानपिढ्या मुरलेला शिजलेल्या कोबीचा वास.

मंचावरच्या मेजावर काचेचे पेले मांडले होते. पेल्यांत जांभळं, नितळ पाणी. त्यामागे ब्रोकहोल्ट, चंदेरी दाढी, काळा कोट, अंगाला कापराचा दर्प.

"हे पाणी बोलतं," तो म्हणाला. "डॉक्टर तुम्हाला फसवेल, बायको फसवेल, पण तुमची लाळ नाही फसवणार. यकृताची वाफ प्लीहेत चढते, प्लीहेतून कण्यात उतरते, कण्यातून जिभेखाली येते. जिभेखालचं सगळं या पाण्याला कळतं."

दूधडेअरीचा मॅनेजर पुढे आला. ब्रोकहोल्टने काळ्या मखमलीतून एक काचेची कांडी काढली आणि त्याच्या जिभेखाली ठेवली. मग ती पाण्यात फिरवली. जांभळं पाणी बघता बघता हिरवं झालं.

सभागृहातून सुस्कारा उठला.

"तोंडात साबणासारखी चव आली?"

"आली," मॅनेजर पडल्या चेहऱ्याने म्हणाला.

"ते तुमचं पित्त. महिनाभर माझ्या बाटल्या घ्या. मग पांढऱ्या मखमलीतली कांडी लावू. तेव्हा चव आंबट येईल आणि पाणी लाल होईल. लाल म्हणजे शुद्ध रक्त."

स्वयंपाकघराच्या दारात एप्रन बांधून उभी असलेली एलिनोर लोडबर्ग हे सगळं ऐकत होती. जिल्ह्याच्या गावी नर्सिंग शिकणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलींना ती शरीररचना शिकवायची, शरीराचं कामकाज शिकवायची आणि थोडं रसायनशास्त्रही. पण आज ती इथे शिकवणाऱ्या बाई म्हणून आली नव्हती. ती एस्किलची बहीण म्हणून आली होती.

एस्किल मासेमार होता. त्याला मधुमेह होता आणि तो रोज इन्शुलिन टोचून घ्यायचा. उन्हाळ्यात ब्रोकहोल्टच्या पेल्यातलं पाणी त्याच्यासाठी लाल झालं. "तुमचं स्वादुपिंड नव्यानं जन्माला आलंय, सुई फेकून द्या," असं त्याला सांगण्यात आलं. त्याने दिली. पुढच्याच आठवड्यात त्याची शुद्ध हरपली आणि तो परत उठला नाही. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी मृत्यूचं कारण स्पष्ट लिहिलं. गाव म्हणालं, डॉक्टरांच्या पोटात दुखतंय.

आणि एस्किलची बायको सिसेल म्हणाली, त्याची श्रद्धाच कमी पडली.

त्यांची मुलगी बिर्टा अकरा वर्षांची. तिलाही तोच आजार. गेल्या महिन्यात तिचं पाणी हिरवं झालं होतं. आज जेवणानंतर तिला पांढरी कांडी लागणार होती.

"सिसेल, निदान डॉक्टरांना विचारून तरी सुई बंद कर," एलिनोरने सकाळीच सांगून पाहिलं होतं.

"तू तुझे हाडांचे सांगाडे सांभाळ," सिसेल म्हणाली होती. "पाणी लाल झालं की उद्या सुई फ्योर्डमध्ये. माझ्या पोरीला आयुष्यभर भोकं पाडून घ्यायला मी जन्म नाही दिला."

कार्यक्रमाचा पहिला भाग संपला. माणसं अंदाजापेक्षा जास्त आली होती, म्हणून स्वयंपाकघरात कोबीचं आणखी एक पातेलं चढवायची घाई उडाली. त्या काळी तिथली सत्ता मेटा नावाच्या धिप्पाड बाईकडे होती. मेटाने एलिनोरच्या हातात सुरी दिली. "रडायचं असेल तर कांदा घे, नाहीतर कोबी चीर."

एलिनोर कोबी चिरू लागली. बिर्टा येऊन तिला चिकटून बसली.

"आत्या, ती कांडी मला नको. मागच्या वेळी साबण खाल्ल्यासारखं झालं."

"आज आंबट लागेल म्हणतात."

"हो, बाबांना लागली होती. हिरव्या सफरचंदासारखी, म्हणाले होते."

मेटाने चिरलेल्या कोबीतून हात काढले. कोपरापर्यंत जांभळे झालेले हात तिने धुण्याच्या सोड्याने खसाखसा चोळले आणि घमेल्यात बुडवले. घमेल्यातलं पाणी हिरवं झालं.

एलिनोरची सुरी थांबली.

"मेटा, हे नेहमीच होतं?"

"दर वर्षी. हात धुतले की घमेलं असं शेवाळलेलं."

"मग पातेल्यातला कोबी हिरवा का होत नाही?"

"पातेल्यात सोडा कोण घालेल बये? त्यात व्हिनेगर पडतं, ते पडलं की तो लाल होतो. म्हणून तर त्याला लाल कोबी म्हणतात, नाहीतर तो मुळात जांभळाच. नर्सा घडवतेस आणि एवढं माहीत नाही?"

माहीत नव्हतं खरं. वर्गात ती लिटमसचा कागद वापरायची. त्यात लाल आणि निळा, एवढेच रंग. आणि सभागृहात बसलेल्या बायकांनी जन्मभर कोबी रांधला होता, पण व्हिनेगर घालूनच. त्यांच्या ताटात तो कायम लालच आला. हात धुतल्यावरचं हिरवं पाणी त्या दर वर्षी मोरीत ओतत होत्या आणि मंचावर तेच पाहून हात जोडत होत्या. पेल्यातल्या पाण्याला कोबीचा वास म्हणाल, तर त्या सभागृहात तो कुणाला वेगळा येणार?

एलिनोर तेव्हाच बाहेर जाऊन ओरडू शकली असती. ती गेली नाही. आधी तिने बिर्टाला जवळ घेतलं. "आज जा. आत्या बघतेय," एवढंच म्हणाली. त्या माणसाला अजून थोडा उंच चढू द्यायचा होता तिला. पडल्यावर लागलं पाहिजे.

जेवणं झाली. बिर्टा मंचावर गेली. पांढरी मखमल उघडली, कांडी जिभेखाली गेली, पेल्यात फिरली. पाणी लाल झालं. लोक उभे राहिले. सिसेल तोंडावर हात धरून रडत होती.

"स्वादुपिंड जागं झालं," ब्रोकहोल्ट म्हणाला. "आजपासून सुई नाही."

"प्रोफेसर, आणखी एक आजारी आहे. तपासाल?" भाजलेल्या बदकाचं ताट घेऊन एलिनोर मंचावर चढली. तिने पांढऱ्या मखमलीतली दुसरी कांडी स्वतःच उचलली, बदकाच्या मानेत खुपसली आणि दुसऱ्या जांभळ्या पेल्यात फिरवली. पाणी लाल झालं.

"बदकाची तब्येत उत्तम आहे," ती म्हणाली. "याच्याही सुया बंद करू या."

कुणीतरी हसलं. ब्रोकहोल्ट पेले आवरू लागला, पण मेटा मागच्या पायऱ्यांनी वर आली होती आणि तिचा हात त्याच्या खांद्यावर पडला होता.

"बसा प्रोफेसर. आता तुमची लाळ."

"मला तपासायची गरज नाही."

"लाळ फसवत नाही ना? मग घाबरता कशाला?"

काळ्या मखमलीतली कांडी त्याला तोंडात घ्यावीच लागली. पाणी हिरवंगार झालं.

एलिनोरने स्वयंपाकघरातून दोन वाट्यांत कच्च्या कोबीचा रस मागवला. एका वाटीत व्हिनेगर टाकलं, दुसरीत धुण्याचा सोडा. "एक लाल, एक हिरवी. पेल्यांतही हाच कोबीचा रस आहे. आम्ल आणि अल्कली, बाकी काही नाही. काळ्या मखमलीतल्या कांड्या सोड्यात बुडवून वाळवल्यात, म्हणून साबणाची चव. पांढऱ्या मखमलीतल्या कांड्या लिंबूसत्त्वात, म्हणून आंबट. चव तुमच्या जिभेनं ओळखली होती. तुम्हीच तिचं ऐकलं नाहीत. तुमच्या लाळेचा यात काडीचा संबंध नाही." मग ती त्याच्याकडे वळली. "आता एकच सांगा. स्वादुपिंड कुठे असतं?"

ब्रोकहोल्टने लोकांकडे पाहिलं. मग उजव्या कमरेवर हात ठेवला.

"तिथे मूत्रपिंड असतं," एलिनोर म्हणाली. "स्वादुपिंड जठराच्या मागे असतं, आडवं. माझ्या मुली पहिल्याच आठवड्यात शिकतात. जो अवयव तुला दाखवता येत नाही, तो बरा केला असं सांगून तू माझ्या भावाला मारलंस."

सिसेल जागेवरून उठली. ती मंचाकडे आली नाही. ती स्वयंपाकघरात गेली, पर्समधली काचेची सिरिंज आणि इन्शुलिनची बाटली काढली आणि सिरिंज मेटाच्या शेगडीवर पाण्यात उकळायला ठेवली. मग तिने लेकीला हाक मारली. स्वयंपाकघराच्या दारात, सगळ्या गावादेखत तिने बिर्टाला त्या रात्रीचं इन्शुलिन टोचलं. बिर्टाने स्वतःची मांडी घट्ट धरून ठेवली.

ब्रोकहोल्टवर खटला झाला. एलिनोर प्रत्येक तारखेला पहिल्या बाकावर बसली, त्याला दिसेल अशी. शिक्षा भोगून तो दक्षिणेकडच्या एका गावात केसांचं तेल विकू लागला, तेव्हा ती सुट्टी काढून तिथेही गेली आणि बाजारात उभी राहून लोकांना त्याची गोष्ट सांगून आली. आता पुरे कर, असं लोक म्हणत. एस्किल परत आला की पुरे करीन, असं ती म्हणायची. मरेपर्यंत तिने त्याला माफ केलं नाही, आणि माफ करायला हवं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

सिसेल दोन वर्षं एलिनोरशी बोलली नाही. मग एका वसंतात ती स्वतःच दारात येऊन उभी राहिली आणि "कबरीवर फुलं लावायची आहेत, येतेस का," एवढंच म्हणाली. मेटा म्हातारी झाली तरी स्वयंपाकघर सोडेना. बिर्टा फेरीबोटीच्या तिकीटखिडकीवर नोकरीला लागली, आजी झाली, आणि आजही सकाळ-संध्याकाळ सुई टोचून घेते.

उद्या तुमच्यासमोरही कुणी पेला धरेल आणि त्यातला रंग बदलून दाखवेल. तेव्हा स्वतःच्या यकृताची काळजी करत बसू नका. त्या पेल्यात काय आहे ते विचारा, त्याची कांडी हातात घेऊन पाहा, आणि तो हातात देत नसेल तर उठून घरी जा. औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका.