ढोरांचं खाणं

माझ्या जिभेला हाड नाही, हे अख्ख्या फैजपूरला माहीत आहे. चौतीस वर्षं शाळेत पोरं वळली, त्यात ती आणखी धारदार झाली. सून आली तेव्हाही थांबली नाही.

माझा हितेंद्र दुबईला फळांच्या कंपनीत होता. तिथून केळीची शेती बघायला परतला तो व्हेनेझुएलाची येलित्सा सोबत घेऊनच. पोरगी कामाला वाघीण. फक्त मक्याशिवाय तिचं पान हलायचं नाही. सकाळी आरेपा, म्हणजे मक्याच्या पिठाची तळहाताएवढी जाड भाकरी. तव्यावर भाजायची, पोट चिरून आत लोणी नाहीतर पनीर भरायचं. कोवळी कणसं निघाली की ती वाटून गोडसर धिरडी घालायची, त्यांना काचापा म्हणायची. नाताळात आयाका. मळ्यातलं केळीचं पान विस्तवावर शेकायचं, त्यावर पीठ थापायचं, सारण भरून घडी घालायची, सुतळीने बांधून उकडायची. तिच्या माहेरी आत मांस असतं. आमच्या माळकरी घरात बिचारीने वांग्याचं भरीत भरलं.

आमच्याकडे मका कोंबड्यांना आणि म्हशींना. रोज पहिला आरेपा ती माझ्यापुढे धरायची, ‘आई, थोडं?’

‘ढोराचं खानं तुलेच राहू दे, बाई,’ मी म्हणायचे. आठ वर्षं. ती हसायची. तिला कळत नाही असं मी धरून चालले होते. भाषा तिला दुसऱ्याच वर्षी आली होती.

कार्तिकात डेंग्यूने ती नऊ दिवसांत गेली. मागे सात वर्षांची भूमिका.

पौषात कोठी आवरताना मक्याच्या पिठाच्या तीन पुड्या सापडल्या. दुबईहून कोणी येणार असलं की ती मागवून ठेवायची. जुनं पीठ, किडे पडतील, म्हणून मी ते ढेपेत कालवून म्हशीपुढे ठेवलं. घमेलं चाटूनपुसून साफ झालं. मला काहीच वाटलं नाही.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. वर्षात ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात त्या दिवशी त्याच्या नावाने घागर भरतात. नंतर गोवरीच्या निखाऱ्यावर तुपासोबत घास ठेवायचा, ती आगारी. ज्वाळा उठली की गेलेल्या माणसाने घास घेतला. तोवर घरात कोणी जेवत नाही.

चार दिवस आधी भूमिका म्हणाली, ‘आजी, मम्मीले पुरणपोळी नाई आवडत. आरेपा ठेवजो. कोठीत पीठ हाये तिचं.’

ते पीठ तर म्हशीने खाल्लं होतं. हितेंद्रला सांगितलं. त्याने लगेच फोनवर शोधलं. ऑनलाइन मागवलं असतं तर यायला आखाजी उलटून गेली असती.

मी चक्कीवरून मका दळून आणला. गोळा थापला की कडेने फाटायचा, तव्यावर भुगा व्हायचा. साठ वर्षं भाकरी थापलेले माझे हात, आणि एक भाकरी वळेना. तिसऱ्या दिवशी डोक्यात उजेड पडला. बिबड्यांना, म्हणजे ज्वारीच्या पापडांना, आपण ज्वारी आधी भिजवतो, शिजवतो. त्या पुड्यांतलं पीठही आधी शिजवलेलंच असणार. मका भरडला, भिजवला, मऊ शिजवला, पाट्यावर वाटला. गोळा लोण्यासारखा जमला. मला रडू आलं. जिवंतपणी तिला एवढं विचारलं असतं तर ती किती हरखली असती!

आखाजीला आरेपा भाजून मी आधी भूमिकेला दाखवला.

‘मम्मीचा पांढरा राहायचा,’ ती म्हणाली.

आमच्याकडचा मका पिवळा. 

हितेंद्रने निखाऱ्यावर घास ठेवला, तूप सोडलं. धूर झाला. आणखी तूप सोडलं. धूरच. भूमिका गुडघे पोटाशी घेऊन टक लावून बसली होती. घरभर सगळे उपाशी. शेवटी हितेंद्रने वाटीच उपडी केली, तेव्हा भडका उडाला.

‘पाह्य, बेटा, घेतलं मम्मीनं,’ मी घाईघाईने म्हणाले.

‘ते पप्पानं पेटवलं,’ भूमिका म्हणाली. ती रागावली नव्हती, हेच वाईट. ‘मम्मी नाई घेनार. तू कधी तिच्या हातचं घेतलं का?’

हितेंद्र उठून मळ्यात निघून गेला. भूमिका न जेवता झोपली. उरलेला आरेपा मी तोंडात घातला. गार झाला होता, पण चांगला लागला.