गोऱ्ह्याचं दावं

श्रीपतनं दावं सहदेवच्या हातात दिलं आणि ऐनाच्या झाडाजवळच्या जुन्या खुंटाकडे बोट दाखवलं.

"तिथं बांधा. पक्कं."

सहदेव हातातल्या दाव्याकडे बघत राहिला. त्याच्या पुढ्यात त्याचाच गोऱ्हा पडला होता. आदल्या रात्री बिबट्यानं कूड फोडून त्याला गोठ्यातून उचलला आणि ओढत या माळाच्या कडेला आणला. मागच्या मांड्या खाऊन झाल्या होत्या. डोळे मात्र उघडेच होते. येत्या पावसाळ्यात सहदेव त्याला पहिल्यांदा औताला धरणार होता.

"तूच बांध ना रं," सहदेव म्हणाला. "तुमाला सवय..."

पुढचं त्यानं गिळलं.

"सवय माझ्या बापाला व्हती," श्रीपत म्हणाला. "मी हात लावनार नाय."

पळसदरीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात मेलेलं ढोर ओढायचं काम पिढ्यान् पिढ्या श्रीपतच्या वाडीकडे होतं. दीक्षा घेतल्यावर वाडीनं ते काम सोडलं. पलटणीतून नुकत्याच परतलेल्या श्रीपतनंच सगळ्यांना विहारापुढे उभं करून तसा शब्द द्यायला लावला होता. त्यावर गाव रुसलं, पण ढोरं ओढायला दुसरं कुणी पुढे आलं नाही. मेलेली ढोरं बांधाला पडून कुजू लागली आणि त्या वासावर डोंगरातला बिबट्या खाली उतरला. तो आधी मढ्यावर आला, मग शेळ्यांवर आणि आता गोठ्यात. पोलीसपाटलांनी चावडीवर सरळ सांगून टाकलं होतं, की तुमी काम सोडलं म्हणून वाघरू गावात आलं, तवा आता तुमीच निस्तरा. वड्याचं तेल वांग्यावर काढावं तर पाटलांनीच. पण रायफलचा परवाना गावात एकट्या श्रीपतकडे होता. शिवाय बिबट्यानं वाडीतल्याही दोन शेळ्या नेल्या होत्या, म्हणून श्रीपत आला होता. मेलेल्या जनावराला मात्र तो शिवणार नव्हता. तो एकदा वाकला असता, तर दुसऱ्या दिवशी गावानं वाडीतल्या प्रत्येकाला वाकवलं असतं.

"बांधला नाय तर काय व्हईल?" सहदेवनं विचारून पाहिलं.

"तो आला की ह्याला करवंदीच्या जाळीत वढून नेईल. मंग मी झाडावर बसून काय पानं मोजू?"

सहदेवनं इकडे तिकडे बघून घेतलं. माळावर चिटपाखरू नव्हतं. मग तो खाली बसला. गोऱ्ह्याच्या मानेखाली हात घालून त्यानं दावं फिरवलं, गाठ मारली आणि दुसरं टोक खुंटाला बांधलं. लगेच हात मातीत खसाखसा घासले. श्रीपत तेवढा वेळ मुद्दाम पाठ करून उभा होता. माणसाची लाज राखावी म्हणून त्यानं तिकडे पाहिलं नाही, आणि तिथंच चुकलं.

दोघं ऐनावर बांधलेल्या मचाणावर चढले. श्रीपतची रायफल तीनशे पंधराची, सरकारी कारखान्यात बनलेली. गावातल्या लोकांना ठासणीच्या बंदुकीची ओळख. बार निघाला की कानठळ्या बसायच्या आणि धुरात डुक्कर पसार व्हायचं. या रायफलच्या बारीक नळीकडे बघून सहदेवला काही विश्वास वाटेना.

"एवढ्याशा गोळीनं मरंल का रं?"

श्रीपतनं एक काडतूस त्याच्या तळहातावर ठेवलं. गोळीच्या टोकाला शिसं उघडं होतं.

"पलटणीतली गोळी आरपार जाते. ही आत शिरली का फुलते. गव्याला कमी पडंल, पन बिबट्याला, डुकराला लई झाली. फकस्त जागेवर बसली पायजे. पोटात बसली तर तो जाळीत जाऊन बसतो आणि सकाळी बघायला जानाऱ्याला फाडतो."

सहदेवनं काडतूस घाईनं परत दिलं.

ऊन उतरलं. घाटात चढणाऱ्या गाडीचं इंजिन लांबून धापा टाकत गेलं. मग माकडं ओरडली आणि एकदम गप्प झाली. श्रीपतनं रायफल खांद्याला लावली.

बिबट्या कुठून आला ते कळलंच नाही. नव्हता आणि होता, एवढंच. त्यानं गोऱ्ह्याची मान धरली आणि श्रीपतनं नेम धरायच्या आत मागे ओढायला सुरुवात केली. श्रीपत दावं ताणलं जायची वाट बघत राहिला. दावं उलगडत गेलं, उलगडत गेलं आणि बिबट्या गोऱ्ह्यासकट जाळीत शिरल्यावरच ताणलं गेलं. बाहेर नुसते खूर दिसत होते. आत हाडं फुटल्याचा आवाज येत होता.

"एवढं लांब दावं?" श्रीपत कुजबुजला.

"त्याला रोज एवढंच सोडतो मी," सहदेव म्हणाला. "चरायला फिरता येतं."

हसावं की कपाळावर हात मारावा, हे श्रीपतला कळेना. मेलेला गोऱ्हा चरायला कुठं जाणार होता? पण सहदेवच्या हातांनी जन्मभर जितीच जनावरं बांधली होती, त्यांना दुसरं माप ठाऊक नव्हतं.

जाळीत आंधळी गोळी घालण्यात अर्थ नव्हता. श्रीपत मोठ्यानं खाकरला. आतली पानं हलली आणि बिबट्या डोंगराच्या अंगाला सरकला.

"भुकेला हाय, परत येईल," श्रीपत म्हणाला. "अजून उजेड हाय. उतरा आन् गोऱ्हा भाईर वढून घ्या. दावं आखूड बांधा. मी हाय वरती."

"तू उतर. मी बंदूक धरतो."

"चालवलीय कदी?"

सहदेवच्या गोठ्यात एकच बैल उरला होता, आणि बिबट्याला गोठ्याची वाट कळली होती. सहदेव खाली उतरला.

दावं खांद्यावर घेऊन तो वाकला आणि ओढू लागला. गोऱ्हा करवंदीच्या काट्यांत अडकला होता. सहदेव गुडघ्यावर आला, उठला, पुन्हा वाकला. श्रीपतची नजर जाळीवर होती, पण डोळ्यांच्या कडेला ती वाकलेली पाठ दिसतच होती. अशीच पाठ त्यानं लहानपणी रोज पाहिली होती, ती बापाची. आज तिथं गावातल्या मानकरी घरचा माणूस होता. श्रीपतला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. वाईट वाटलं, आणि सहदेवच्या जिवाची भीती वाटली.

गोऱ्हा उघड्यावर आला. सहदेवनं दावं आखूड केलं आणि धावत वर आला. अंधार पडता पडता बिबट्या परत आला. या खेपेला त्यानं ओढून पाहिलं, पण गोऱ्हा हलेना. तो आडवा वळला. श्रीपतनं खांद्यामागे नेम धरून घोडा दाबला. एकच आवाज झाला. बिबट्या होता तिथंच बसल्यासारखा झाला आणि कुशीवर कलंडला.

उजाडेपर्यंत दोघांपैकी कुणी उतरलं नाही. शिकारीत तसाच रिवाज आहे. सहदेवला मात्र झोप लागली, तीही श्रीपतच्या खांद्यावर डोकं टेकून. श्रीपतनं खांदा हलवला नाही.

सकाळी गाव लोटलं, ढोल घेऊन. वाडीतलेही लोक आले. त्यांच्यात ज्याच्या शेळ्या गेल्या तो म्हातारा सोमा होता. बिबट्याला बांबूला बांधायला पोरांची झोंबाझोंबी चालली. मेलेल्या बिबट्याचा कुणालाच विटाळ नव्हता. पोलीसपाटील गोऱ्ह्यापाशी आले. जाळीपासून खुंटापर्यंत गवत लोळलेलं त्यांना दिसलं.

"ह्याला वढलेला दिसतोय. कुणी वढला?"

"श्रीपतनं," सहदेव पटकन म्हणाला.

पाटलांचा चेहरा उजळला. "मंग झालं तर! इसरला नायस म्हनायचा. आता वाडीला सांग, लांब नेऊन टाका ह्याला."

सोमा पुढे येऊन श्रीपतच्या तोंडाकडे बघू लागला. त्याच्यामागे सगळी वाडी बघत होती. झाडाखालच्या बिबट्यानं जो घाव घातला नाही, तो या खांद्यावर झोपलेल्या माणसानं घातला होता. श्रीपतनं रायफलमधलं काडतूस काढलं आणि खिशात टाकलं.

"पाटील, मी रायफल धरली व्हती," तो म्हणाला. "दोनी हातांनी."

ढोल थांबला. पाटलांनी सहदेवकडे पाहिलं. सहदेवनं मान खाली घातली. त्याच्या सदऱ्यावर खांद्यापासून छातीपर्यंत दाव्याचा मळका पट्टा उमटला होता, आणि तो आता सगळ्यांना दिसला.

गर्दीतून त्याची आई आनंदीबाई पुढे आली. तिनं गोऱ्ह्याचे डोळे हातानं मिटले. जवळची माणसं मागे सरली, तिनं लक्ष दिलं नाही.

"वसुबारशीला ह्याच्या आईच्या पाया पडलास तू," ती लेकाला म्हणाली. "जिता व्हता तवा आपला, आन् मेला का दुसऱ्याचा? अर्धा वढलास ना, आता पुरता वढ."

पाटील घसा खाकरून बिबट्याकडे वळले. कुणीतरी ढोलावर टिपरी मारली. बांबू खांद्यांवर चढला आणि सगळं गाव बिबट्यामागून निघालं. वाडीतले लोकही हळूहळू पांगले. जाताना सोमानं श्रीपतच्या पाठीवर हात ठेवला.

माळावर तिघंच उरले. सहदेव कुदळ घेऊन आला आणि ओढ्याच्या अलीकडे मऊ माती बघून खणू लागला. कोवळं ऊन कडक झालं, तरी खड्डा गुडघाभरच होता. आनंदीबाई पदरानं माशा वारत गोऱ्ह्यापाशी बसून राहिली.

श्रीपतला घरी जाता आलं असतं. तो दोन पावलं गेलाही. मग परत येऊन ऐनाच्या सावलीत बसला, रायफलमध्ये काडतूस भरलं आणि ती मांडीवर आडवी घेतली.

सहदेवनं खणता खणता वर पाहिलं. "जा ना रं घरी. रातभर जागलायस."

"मादी बी आसंल जवळपास," श्रीपत म्हणाला. "तुमचं व्हईस्तवर बसतो."

सहदेवनं कुदळीवर हात टेकले. डोंगराच्या पायथ्याशी जन्म गेलेला माणूस तो.

"बिबट्या जोडीनं नाय फिरत," तो म्हणाला.

"ठावं हाय," श्रीपत म्हणाला, आणि बसून राहिला.